"हे सुट्टीवर आले की बघू": लातूरकडच्या एका फौजी घराचा जानेवारी महिना

हे प्रकरण लातूर जिल्ह्यात औसा-निलंगा पट्ट्यातल्या एका घरातलं आहे, जानेवारी २०२४ मधलं. घरच्यांना विचारूनच लिहायलेय, गाव, पलटण, नावं काहीच टाकलेली नाहीत. घरातल्या सुनेला मी ताई म्हणते, तिच्या मालकाला भाऊजी, सासऱ्यांना आबा आणि सासूला आत्या, तसंच इथंही लिहिते. मी स्वतः सतरा वर्षं फौजीची बायको म्हणून गावाकडं काढली, आता आमचे मालक पेन्शनवर घरी आहेत. त्या महिन्यात मी ताईच्या सोबत दवाखान्यात दोन रात्री होते, बाकीचं तिनं आणि भाऊजींनी नंतर बसून सांगितलं.

घर कसं आहे

भाऊजी हवालदार, पंधरा वर्षं सर्व्हिस झालेली, पोस्टिंग उत्तरेकडं फील्डमध्ये. फील्ड म्हणल्यावर फॅमिली सोबत नेता येत नाही, म्हणून ताई दोन लेकरं घेऊन गावी, सासू-सासऱ्यांजवळ. थोरला पाचवीला, धाकटी दुसरीला. आबा अडुसष्ट वर्षांचे, अजून सहा एकराचं सगळं स्वतः बघणारे. त्या साली पाऊस कमी झालेला, विहिरीला पाणी बेताचं, तरी तीन एकर तूर, दोन एकर हरभरा आणि राहिलेल्यात ज्वारी होती.

घरात पैशाची काही ओढाताण नव्हती, दर महिन्याला एक तारखेला भाऊजी ताईच्या खात्यावर खर्चाचे पैसे टाकायचे. पण पगाराचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, जमीन आबांच्या नावावर, रेशनकार्डात आबांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, आणि आबा-आत्याचं डिपेंडंट कार्ड (मिलिटरी दवाखान्यात उपचाराला लागतं ते) काढायचं राहिलेलं. ताईचं आणि लेकरांचं कार्ड झालेलं होतं. म्हाताऱ्यांचं "या सुट्टीत नक्की करू" असं तीन सुट्ट्या चाललेलं. यातलं एकही काम अवघड नव्हतं. फक्त प्रत्येक कामाला भाऊजी लागणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं आणि भाऊजी वर्षातून दोनदा येणार.

जवानाला वर्षाला ६० दिवस अ‍ॅन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. ऐकायला भरपूर वाटते पण ती तुकड्या-तुकड्यानं मिळते, आणि कधी मिळंल ते पलटणीतल्या माणसांच्या संख्येवर ठरतं, घरातल्या कॅलेंडरवर नाही.

जानेवारीच्या पानावर काय होतं

ताईच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या बाजूला कॅलेंडर आहे. ते पान तिनं जपून ठेवलंय, मी बघितलं. ८ तारखेला निळ्या पेनानं "हे येणार" लिहिलेलं, त्यावर काट, मग १० ला लिहिलेलं, त्यावर काट, मग १४ ला. ११ ला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, रानात पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण. १४ भोगी, १५ संक्रांत. २० ला शाळेचं गॅदरिंग, धाकटीचा डान्स. २६ ला झेंडा, त्या दिवशी गावातल्या फौजींचा सत्कार असतो. २८ ला थोरल्याची सैनिक स्कूलची परीक्षा, त्याला लाल गोल. कडेला बारीक अक्षरात तूर, मोटारीचं पॅनल, बँक, कार्ड, आबांचे डोळे दाखवणे. लग्नकार्य एवढं नव्हतं, कारण येळवस झाली की पौष लागतो.

तीस दिवसाच्या सुट्टीवर एवढं सगळं लादलेलं. मला ते पान बघून आमचं घर आठवलं, आम्हीपण असंच करायचो. माणूस दमून येतो, चार दिवस तर त्याला घराच्या वेळेला लागायलाच जातात, अन्‌ आपण त्याच्या हातात यादी देतो.

परीक्षा पुढं ढकलण्यासारखी नव्हती. सहावीच्या प्रवेशाला ३१ मार्चला मुलाचं वय दहा ते बाराच्या आत लागतं, थोरला पुढच्या वर्षी बाराच्या वर जाणार होता. म्हणजे सहावीसाठी हीच एक संधी, नंतर एकदम नववीला. पेपर १२५ प्रश्नांचा, ३०० मार्कांचा, त्यातले १५० मार्क गणिताचे. आणि गणित घ्यायचं भाऊजींनी, सुट्टीत, शेवटचे वीस दिवस, असं ठरलेलं.

सुट्टी सरकली

सात तारखेला रात्री भाऊजींचा फोन, रिलीव्हर आलेला नाही, दोन दिवस लागतील. नऊला परत तेच. त्यांच्या जागेवर येणारा माणूस स्वतःच्या सुट्टीवरून परत निघालेला आणि उत्तरेतल्या धुक्यात त्याची रेल्वे अडकलेली. यात कुणाचीच चूक नाही, पण घरात प्रत्येक फोननंतर सगळ्यांची तोंडं उतरायची.

येळवस त्यांच्याशिवाय झाली. लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, कलेक्टर जिल्ह्याला सुट्टी देतात, लातूर शहर अक्षरशः रिकामं होतं कारण सगळे रानात. आबांनी कडब्याची कोपी केली, पांडव मांडले, आत्यानं आणि ताईनं रात्री दोनला उठून भज्जी, उंडे, खीर, आंबिल सगळं केलं. संध्याकाळी हेंडगा पेटवून पिकातून फिरवायचा मान भाऊजींचा, तो थोरल्यानं फिरवला. व्हिडिओ कॉल लावायचा प्रयत्न केला पण तिकडं नेटवर्क नव्हतं. मग ताईनं रेकॉर्डिंग पाठवलं, ते त्यांना तिसऱ्या दिवशी दिसलं.

बारा तारखेला सकाळी मेसेज आला, "निघालो. उद्या रात्री जम्मूहून झेलम." झेलम म्हणजे जम्मूतावी ते पुणे जाणारी झेलम एक्सप्रेस, आमच्या पिढ्यांच्या पिढ्या तिच्यानं आल्या-गेल्या. नगरला उतरून पुढं एसटीनं लातूर. धुक्यानं लेट धरला तरी पंधराच्या रात्रीपर्यंत घरी.

बारा तारखेची रात्र

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती. हरभरा घाट्यात आलेला, एक पाणी पाहिजेच, आणि विहीर चार तास उपसली की तळ दिसायचा, मग परत पाणी साचायची वाट. ताई आबांना म्हणली, "मामा, दोन दिवस थांबा की, हे येयलेत." आबा म्हणाले, "आल्या आल्या लेकराला रातचं पाणी धराय लावू का? थंडीत उभा राहूनच आलाय ते."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. सगळं घर कामं भाऊजींसाठी ठेवत होतं अन्‌ आबा उलट त्यांच्या वाटणीचं काम आधीच उरकून टाकायला बघत होते. दोन्ही मायेपोटीच.

साडेअकराला आबा एकटे गेले. एकदीडपर्यंत आले नाहीत म्हणून आत्यानं ताईला उठवलं. ताई बॅटरी घेऊन गेली तर आबा बांधाखाली ओल्यात पडलेले, एक पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, आखूड दिसायला लागलेला, कानटोपी एकीकडं, मोटार चालूच. थंडीनं दातखीळ बसलेली पण शुद्धीवर होते. पहिलं काय म्हणाले तर "मोटार बंद कर, विहीर कोरडी पडली असंल, जळंल ते." ताईनं आधी मोटार बंद केली, मग शेजारच्या रानातल्या दोघांना हाक मारली. बाजेवर टाकून रस्त्यापर्यंत, तिथनं जीपनं लातूर. पहाटे चारला एका खाजगी दवाखान्यात पोचले. एक्सरे निघाला, खुब्याचं हाड मोडलेलं.

दवाखाना कुठला

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या वयात माणूस जितका जास्त दिवस पडून राहील तितका धोका, छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गाठ होते, म्हणून ऑपरेशन लवकरात लवकर. खर्च दीड लाखाच्या आसपास, पन्नास हजार आधी भरा.

ताईच्या खात्यावर अठरा हजार आणि घरात रोख सहा. तेरा तारीख दुसरा शनिवार, बँक बंद. चौदा रविवार. सोनं ठेवून पैसे आणायचा पर्याय होता, नणंद म्हणत होती माझ्या पाटल्या घे. दुसरा पर्याय मिलिटरी हॉस्पिटल, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतलं. फौजीच्या अवलंबून आई-बापाला तिथं उपचार मिळतात, पण आबांचं कार्डच नाही, आणि मोडका खुबा घेऊन पाच-सहा तासाचा रस्ता. चुलत दीर ठाम होते की पुण्याला न्या, मोठ्या गावी चांगले डॉक्टर. आणि चौथा पर्याय सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतनं मोफत उपचार.

चौथ्याचं कुणी नावच घेत नव्हतं, कारण घराचं रेशनकार्ड पांढरं. भाऊजींच्या पगारामुळं पांढरं. ज्या दवाखान्यात योजना होती तिथं खिडकीवरचा माणूस म्हणला पांढऱ्याला नाही मिळत, पुढचा. ताई परत फिरली होती. मी तेव्हा पोचले होते आणि मला एवढं माहिती होतं की शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून जे १४ जिल्हे शासनानं धरलेत, त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे आहेत, आणि त्या जिल्ह्यांत पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही योजना चालते, सोबत सातबारा जोडायचा. योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याला शोधलं. त्यानं दोन मिनिटात सांगितलं, बरोबर आहे, सातबारा आणा.

शनिवार, तलाठी नाही. पण सातबारा आता ऑनलाइन मिळतो, १५ रुपयात, डिजिटल सहीचा, तो चालतो. दवाखान्यासमोरच्या ई-सेवा केंद्रातून काढला. मग नावाचा घोळ निघाला, आधारवर आबांचं नाव वेगळं, कार्डावर वेगळं. त्यासाठी कागदपत्रं, फोटो, गावातून सरपंचाचं पत्र मागवणं यात दुपारचे तीन वाजले. तोपर्यंत आबा खाजगी दवाखान्यात वजन लावून पडलेले, दर तासाला विचारायचे पोरगं कुठपर्यंत आलं. संध्याकाळी त्यांना योजनेच्या दवाखान्यात हलवलं. तेव्हा वर्षाला कुटुंबामागं दीड लाखापर्यंत उपचार मिळायचा, पुढं ही मर्यादा पाच लाख झाली आणि सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना योजना लागू झाली.

पुण्याचा पर्याय ताईनं का सोडला हे मी विचारलं. ती म्हणली, "आक्का, पुण्यात मी मामांना बघू का लेकरांना? इथं डबा येतोय, माणसं येतेत, मला रस्ते माहितेत." मला तिचं पटलं. चांगला दवाखाना कुठला हे बघताना ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस कोण उचलणार हे आधी बघावं लागतं, ते सल्ला देणाऱ्यांना दिसत नाही.

भाऊजींना सांगायचं का नाही

इथं चूक झाली, आणि ती माझीही आहे, कारण मी तिथं होते.

पहाटे आत्या म्हणल्या, "त्याला नगं सांगू. वाटंत हाय लेकरू, दोन दिवसाचा रस्ता, घोर लागंल. आल्यावर कळंलच की." ताईला सांगावं वाटत होतं पण सासूच्या डोळ्यातलं पाणी बघून ती गप्प बसली. मी म्हणले, नक्की काय ते डॉक्टर सांगू देत, मग सांगू. मग सातबाऱ्याच्या मागं लागलो, आणि दिवस गेला.

भाऊजी तेव्हा जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पात होते. दिवसभर फोनला रेंज होती. सकाळी सहाला सांगितलं असतं तर पन्नास हजार त्यांनी तिथून यूपीआयनं दहा मिनिटात टाकले असते, म्हणजे न सांगण्यात आम्ही पैशाचा पर्यायपण स्वतःच बंद केला. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी सहाला त्यांनी मोबाईल उघडला तर गावातल्या एकाच्या स्टेटसला आबांचा स्ट्रेचरवरचा फोटो, खाली हात जोडलेले आणि "लवकर बरे व्हा". चुलत दिराला फोन लावला तर ते घाबरून म्हणले सिरियस आहे, लगेच निघ. ताईचा फोन बिझी, ती आरोग्यमित्राशी बोलत होती. वीस मिनिटं माणसाला कुणीच नीट सांगितलं नाही. भाऊजी मला नंतर म्हणले, "वहिनी, त्या वीस मिनिटात मी सगळं करून बसलो. कुणाला खांदा द्यायचा इथपर्यंत."

आणि त्या भरात त्यांनी झेलमचं रिझर्व्हेशन सोडलं आणि दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट काढलं, जम्मू-दिल्ली-पुणे. १४ आणि १५ जानेवारीला दिल्लीत काय धुकं होतं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. जम्मूचं विमान संध्याकाळी निघालं, पुण्याचं चुकलं, रात्र दिल्लीच्या विमानतळावर खुर्चीत, पंधराला उशिरा पुणे, तिथून रात्रीची गाडी. सोळाला पहाटे साडेपाचला लातूर. एकोणीस हजार गेले आणि पोचले झेलमपेक्षाही उशिरा. पहिल्यांदाच नीट कळलं असतं की आबा शुद्धीवर आहेत, जिवाला धोका नाही, ऑपरेशन सोमवारी आहे, तर ते शांतपणे रेल्वेत बसले असते असं ते स्वतः म्हणतात.

पूर्वी तार यायची. तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तार म्हणलं की पोटात गोळा यायचा पण ती एकदाच यायची, एका माणसाकडून, आणि साहेबाच्या हातातून मिळायची, साहेब आधी बसवून पाणी द्यायचे. आता बातमी गावभर फिरून शेवटी घरच्या माणसाला कळते. आणि तो ड्यूटीवर असला, हातात हत्यार असलं तर? हा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

सही

रविवारी भोगी. नणंदेनं भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी दवाखान्यात आणली, आबांनी दोन घास खाल्ले. बीपी खाली यायला आणि भूलतज्ज्ञाचा होकार मिळायला रविवार गेला. सोमवारी सकाळी, संक्रांतीला, ऑपरेशनचा नंबर लागला.

भावकीतले चार जण आले आणि म्हणायले, एका दिवसाचा प्रश्न आहे, पोरगा उद्या येयलाय, त्याला येऊ दे, त्याच्या सहीनं होऊ दे, उद्या काही कमीजास्त झालं तर तुझ्यावर येईल. मनात वाईट नव्हतं त्यांच्या. पण मंगळवारी नंबर मिळंल याची खात्री डॉक्टर देत नव्हते, आणि आबांना खोकला सुरू झालेला.

ताईनं दिल्लीला भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारी होते. ती म्हणली, "मी सही करतेय. तुम्ही हो म्हणावं म्हणून नाही विचारत, तुम्हाला माहीत पाहिजे म्हणून सांगतेय." पलीकडं अनाउन्समेंटचा आवाज, ते काहीतरी म्हणले ते ऐकू आलं नाही, मग परत म्हणले, "कर. मामांना फोन दे." (घरात ताईचं ऐकून ऐकून तेही गमतीनं आबांना मामा म्हणतात.) आबांनी फोन कानाला लावला आणि म्हणले, "हरभऱ्याच्या चार सऱ्या राहिल्यात." एवढंच. ताईनं उभ्या उभ्या सही केली, अर्धा खुबा बदलला, दीड तासात बाहेर आणलं.

तूर

तुरीचं थोडक्यात सांगते. शेंगा वाळून तडकायला लागल्या होत्या, वर आभाळ येऊन-जाऊन. मजूर मिळेनात, निम्मे ऊसतोडीला गेलेले. रोजानं लावायची तर रोज कुणीतरी रानात उभं राहायला पाहिजे, ते शक्य नाही. थांबायचं तर शेंगा गळणार. ताईनं दवाखान्याच्या पायरीवर बसून फोनवरून तूर उक्ती देऊन टाकली, कापणी, रास सगळं. सासूला विचारलं, भाऊजींना फक्त कळवलं. थोडे पैसे जास्त गेले पण बावीस तारखेला रास घरात. सव्वानऊ क्विंटल झाली. त्या वर्षी हमीभाव ७००० होता आणि बाजारात त्याच्या बराच वर भाव चाललेला, त्यामुळं उक्त्याचं काही वाटलं नाही.

हरभऱ्याचं मात्र व्हायचं ते झालं. राहिलेल्या सऱ्यांना पाणी मिळालं नाही, तेवढा पट्टा पिवळा पडला.

उरलेली सुट्टी

भाऊजी आले तेव्हा पहिले दोन दिवस ते ताईशी नीट बोलले नाहीत. राग होता. "स्टेटसवरून कळावं का मला?" ताईनं कारणं दिली नाहीत, चुकलं म्हणली, आणि मग तिनंपण सांगितलं की पंधरा वर्षं प्रत्येक गोष्ट तुम्ही आलात की, तुम्ही आलात की, त्या रात्री मला एक सही करायला चार माणसांना तोंड द्यावं लागलं. हे भांडण दवाखान्याच्या जिन्यात झालं. मला ते चांगलं झालं असं वाटतं.

नंतरचा प्रश्न होता सुट्टी वाढवायची का. राहिलेल्या ३० दिवसातली पंधरा दिवस मागता आली असती, साहेब माणूसकीचे होते, मिळालीही असती कदाचित. आत्याचा आग्रह होता. ताईचं म्हणणं वेगळं पडलं, आबा वॉकरवर चालायलेत, आता तुम्ही बसून काय करणार, मार्च-एप्रिलला हरभरा, दवाखान्याची तपासणी आणि लेकराचा निकाल हे एकत्र येईल तेव्हा या. त्यांनी ते ऐकलं.

मग यादीतली निम्मी कामं सोडून दिली. सत्काराला गेले नाहीत. आबांचे डोळे, मोटारीचं पॅनल पुढं ढकललं. एक दिवस बँकेत गेले आणि खात्याला ताईचं नाव जोडलं. एक दिवस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, तिथं कार्डासाठी काय कागद लागतात ते विचारून घेतलं. आबा-आत्याचे फोटो काढले, फॉर्म भरून पलटणीला न्यायला काळ्या पेटीत वर ठेवले. रेशनकार्डातलं नाव दुरुस्तीला टाकलं. गॅदरिंगला दोघं गेले, धाकटी स्टेजवरून बापाला शोधत होती आणि सापडल्यावर नाचायचं विसरली, तशीच हात हलवत उभी राहिली.

थोरल्याचं गणित दवाखान्याच्या बाकड्यावर झालं, रात्री नऊ ते अकरा, आबांच्या खाटेजवळ. अठ्ठावीसला परीक्षा दिली.

निकाल काय लागला

आबा वीस तारखेला घरी आले, दीड महिना वॉकर, नंतर काठी. मांडी घालून बसता येत नाही, बाकी सगळं करतात. थोरला परीक्षेत पास झाला पण मेरिटला लागला नाही, गणितात कमी पडले. याचं ताईला वाईट वाटतं आणि मलाही. आम्ही डिसेंबरमध्येच गावातल्या मास्तरांकडं गणित लावलं असतं, सगळं बापाच्या वीस दिवसांवर ठेवलं नसतं तर काही वेगळं झालं असतं का, सांगता येत नाही, पण लावायला पाहिजे होतं एवढं नक्की. भाऊजी नऊ फेब्रुवारीला परत गेले. डिपेंडंट कार्डं जूनमध्ये आली.

आता घरात एक गोष्ट ठरलीय. काही झालं तर पहिला फोन ताईनेच भाऊजींना करायचा, एका तासाच्या आत, जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायचं, आणि त्यांचा नाही लागला तर कंपनीतल्या सुभेदार साहेबांना. नंबर कॅलेंडरच्या मागं लिहून चिकटवलेत, एक सुभेदार साहेबांचा, एक पलटणीतल्या जोडीदाराचा, एक त्याच्या बायकोचा. भावकीला भाऊजींनी स्वतः सांगितलंय की घरातल्या कुणाचा दवाखान्यातला फोटो टाकायचा नाही. एकदोघांना राग आला, चालंल.

वेगळं काय करता आलं असतं

कार्ड, नाव दुरुस्ती, खातं ही तीन कामं भाऊजी नसतानाही निम्मी होत होती, फॉर्म आणणं, फोटो काढणं, कागद जमवणं यात फौजी लागत नाही. ते ताईलाही मान्य आहे. सकाळी सहाला फोन करायचा होता, ते मी वर लिहिलंच. आबांनी एकट्यानं जायला नको होतं, पण हे कुणी कुणाला सांगायचं, अडुसष्ट वर्षांच्या माणसाला त्याच्याच रानात. थोरला किंवा शेजारी सोबत, आणि खिशात मोबाईल, एवढं तरी. आबांचा मोबाईल त्या रात्री देवळीत चार्जिंगला होता.

रात्रीच्या लाइटचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज केलाय, दहा टक्के हिस्सा भरून झाला, पंप बसायचाय. तोपर्यंत रात्रपाळीच्या आठवड्यात ताई आणि शेजारची जाऊ दोघी जातात.

त्यानंतरची येळवस ३० डिसेंबर २०२४ ला होती. भाऊजींना सुट्टी नव्हती, आधीच नोव्हेंबरात येऊन गेले होते, आणि येणार नाहीत हे कॅलेंडरवर आधीपासून लिहिलेलं होतं. मी गेले होते जेवायला. आबा काठी टेकत कोपीपर्यंत आले, त्यांच्यासाठी थोरल्यानं घरून खुर्ची आणली होती कारण खाली बसता येत नाही. आंबिलाचा तांब्या हातात घेऊन ते बांधाकडं बघत ताईला म्हणले, "ह्या बाजूनं शिंपड आधी." जिथं पडले होते ती बाजू. ताई तिकडून शिंपडत निघाली, हरभरा तिच्या गुडघ्याला लागत होता.